तीन मोजेपर्यंत

१

एकतीस वर्षं मी दारं पाठीनं उघडली. मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचर ओढायचं काम होतं. ढकलणारा मागे, ओढणारा पुढे, आणि मी कायम पुढचा. दार आलं की वळायचं, पाठ लावून ते ढकलायचं, डाव्या टाचेनं अडवायचं आणि मनात तीन मोजायचे. तेवढ्यात गाडी आणि मागचा माणूस आत येतात, मग टाच काढायची. आजाऱ्याला नेहमी पायांकडून आत घेतात, त्यामुळे टाच लवकर काढली तर दार त्याच्या पावलांवर आपटतं. नवीन असताना एका म्हाताऱ्या बाईंच्या पावलांवर असं आपटलं होतं. त्यांनी चकार शब्द काढला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी तीन मोजायला कधी चुकलो नाही.

मी निवृत्त झालो, टाच झाली नाही. दुकानात, बहिणीकडे, माझ्या स्वतःच्या खोलीत, कुठेही आत शिरलो की तीन मोजेपर्यंत दार धरून उभा राहतो. बहीण वैतागते. "दादा, सोड ते दार! माशा येतात आत. आता कोण यायचं राहिलंय?"

दुसरी सवय बोलण्याची. गाडी हलवण्याआधी मी आजाऱ्याला सांगायचो, "चला, निघू या. मी पुढे आहे." आडव्या माणसाला छताशिवाय काही दिसत नाही. पुढे कोणीतरी आहे एवढं कळलं तरी त्याचा जीव थाऱ्यावर येतो. शेवटची चार वर्षं माझी ड्यूटी तळघराकडे, शवागारात होती. तिकडे न्यायच्या माणसांना काही सांगायची गरज नसते, पण तोंडाला वळण पडलेलं. मागचा जोडीदार चिडवायचा, "अरे, ऐकतंय कोण?" मी म्हणायचो, "तू ढकल."

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण यापुढची गोष्ट कोंबड्याची आहे.

२

कोंबड्याचं नाव मुकादम. तांबडा, काळ्या शेपटीचा, अडीच किलोचा गडी, आणि पायांना करंगळीएवढ्या नख्या. माझ्या भाचीनं तो पिल्लू असल्यापासून शर्टाच्या खिशात घालून वाढवला होता. दोन वर्षांपूर्वी ती लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि मुकादम बहिणीच्या अंगणात राहिला. आता भाचीचे दिवस भरले होते. ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा बहीण आणि मेहुणे दहा दिवसांसाठी तिच्याकडे निघाले. येताना तिला आणि बाळाला घेऊनच यायचं होतं. तोवर घर मी सांभाळायचं.

अडचण एकच होती. महिन्यापूर्वी मुकादमानं जाळीच्या दारात मेहुण्यांची पोटरी फाडली होती. चार टाके पडले. त्याआधीही दोनदा तो असाच अंगावर धावून आला होता. तेव्हापासून पाहुणा आला की त्याला खुराड्यात कोंडत.

निघताना बहीण फाटकाशी थांबली. "दादा, सांगून ठेवते. आम्ही यायच्या आत हा सुधारला तर राहील. नाहीतर खाटीक बोलावणार आहे मी. तान्हं मूल आणि हा राक्षस एका घरात नकोत मला."

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज दमलेला. "मामा, तो तसा नाहीये रे. त्याला काहीतरी झालंय. कापू नका म्हणावं आईला."

मला बायको नाही, मूल नाही. ही पोर माझ्या खांद्यावर बसून मोठी झाली. "तू तुझं बघ," मी म्हणालो, "मुकादमाला मी सरळ करतो. दारू पिऊन आलेले पैलवान मी एकट्यानं गाडीवर आडवे धरलेत. हा तर पक्षी आहे."

३

घर बैठं होतं. फाटक, अंगण, कोपऱ्यात मुकादमाचं खुराडं, मग तीन पायऱ्या. पायऱ्यांवर लाकडी चौकटीचं जाळीचं दार, दोन्ही बाजूंना उघडणारं, स्प्रिंगनं आपोआप मिटणारं. आत लांबट बोळ, डावीकडे स्वयंपाकघर, आणि टोकाला भाचीसाठी लावलेली खोली. तिथे खाट आणि खाटेला टेकून नवा पाळणा.

पहिल्या दिवशी सकाळी मी फाटक लावून परतलो. मुकादम अंगणात दाणे टिपत होता. मी पायऱ्या चढलो, दार उघडून आत शिरलो, सवयीनं टाच लावली. एक, दोन, आणि तो आला. पंख फडफडवत, मान फुगवून, सरळ माझ्या दिशेनं. मी डोळे मिटून घेतले.

मार बसला नाही. डोळे उघडले तर मुकादम माझ्या टाचेच्या वीतभर मागे, दाराच्या रिकाम्या चौकटीत उड्या मारत होता. दोन्ही पाय पुढे करून हवेवर नख्या चालवत होता. एक नखी चुकून माझ्या पोटरीला लागली आणि चांगला ओरखडा निघाला. मी टाच काढली, दार आपटलं, आणि तो बाहेरच्या बाजूला गप्प उभा राहिला.

माझा पहिला विचार असा, की बेट्याचा नेम वाईट आहे.

मग जाळीतून नीट पाहिलं. मुकादमाच्या तुऱ्याचा एक तुकडा फाटून लोंबत होता, आणि रक्त चोचीवरून ठिबकत होतं. मी त्याला बोटही लावलं नव्हतं. दारावर आपटला असेल म्हणून मी चौकटीवरून हात फिरवला. चौकट गुळगुळीत होती, कुठे खिळा नाही की पत्रा नाही. मग असेल कुठेतरी, म्हटलं, आणि औषध आणायला आत गेलो.

४

मी माझी पद्धत ठरवली. सकाळ-संध्याकाळ मुकादमाला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, डाव्या काखेत धरायचं आणि अंगणात वीस फेऱ्या मारायच्या. हात ढिला सोडायचा नाही आणि आवळायचाही नाही. आजारी माणूस असो की पक्षी, धरणाऱ्याला घाई नाही एवढं त्याला पटलं पाहिजे.

गंमत म्हणजे अंगणात तो गाईहून गरीब होता. तिसऱ्या फेरीला मान टाकून द्यायचा. तळहातावरचे दाणे असे उचलायचा, की चोच लागलेली कळायचीही नाही. भांडण फक्त दाराशी. तेही मी बाहेर पडताना नाही, आत येताना, आणि दर वेळी दोन मोजले की. दर वेळी माझ्या मागे, डाव्या बाजूला. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीची पिसं दोन ठिकाणी उपटलेली दिसली. कातडी लाल झाली होती. मी औषध लावलं आणि त्याला चार शिव्या घातल्या.

जिथली खोड तिथेच मोडायची, हा माझा जुना हिशेब. म्हणून चौथ्या दिवसापासून फेऱ्या दारातून सुरू केल्या. मुकादम काखेत, दार पाठीनं उघडायचं, टाच लावायची, तीन मोजायचे, आत जायचं. पुन्हा बाहेर. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. सुरुवातीला तो टॉवेलमध्ये इतका तडफडला, की माझा दंड भरून आला. तो माझ्याकडे बघतच नव्हता. उघड्या दाराकडे, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर नजर लावून ओरडत होता. कोंबड्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पण मी हटलो नाही. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन.

शेजारची शिंपीण कुंपणावरून म्हणाली, "अहो, बिचाऱ्याचा जीव जाईल."

"जीव वाचावा म्हणूनच चाललंय," मी म्हणालो.

५

बोळातली एक फरशी सुटलेली होती. पाय पडला की खट् वाजायची. पाचव्या दिवशी दुपारी मी बाहेरून आलो, दार धरलं, सोडलं, फरशीवर पाय पडला. खट्. स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला तोंडाला लावला, आणि बोळात पुन्हा वाजलं. खट्. जरा थांबून, खट्.

मी पेला खाली ठेवला. बोळात कोणी नव्हतं. फरशी दाबली की उशिरानं वर येत असेल, असं मी ठरवलं आणि ती दाबून पाहिली. ती लगेच वर येत होती. दहा वेळा दाबली, दहाही वेळा लगेच.

भाचीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी उघडलं. खाट मी पहिल्याच दिवशी लावली होती. दवाखान्यात चादर अशी ताणून खोचतात, की तिच्यावरून बोट फिरवलं तरी रेघ उमटावी. त्या चादरीत मधोमध एक खळगा होता, माणसाच्या लांबीचा. सरळ, हात अंगाशी लावून पडलेल्या माणसाचा. उशी खळग्याच्या वर राहिली होती, तिला कोणाचं डोकं लागलेलं नव्हतं. खळग्याची एक कड पाळण्याला चिकटलेली.

गादी नवी आहे, दबत असेल, मी स्वतःला सांगितलं. पण गादी दबली तर अशी दबते का? कडांना दबते, मध्ये दबते, खांद्याजवळ रुंद आणि टाचांजवळ निमुळती होत नाही. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आणि त्याहून जास्त राग आला. भाचीची खाट होती ती. मी चादर झटकली, पुन्हा ताणून लावली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप जसंच्या तसं होतं. आणि खळगाही.

६

त्याच दिवशी, म्हणजे सहाव्या, मुकादम हरला.

संध्याकाळच्या फेऱ्यांत तो काखेत नुसता पडून राहिला. दार उघडलं, तीन मोजले, तो हलला नाही. दहाही वेळा. मग मी टॉवेल काढून त्याला पायऱ्यांवर सोडलं आणि एकटाच आत शिरलो, टाच लावून उभा राहिलो. एक, दोन. मी दात आवळले. तीन. तो जागचा हलला नाही, मान फुगली नाही. मला एवढा आनंद झाला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या आणि तिथूनच भाचीला फोन लावला.

"मुकादम सरळ झाला."

तिला मुलगी होऊन चार दिवस झाले होते. ती रडायलाच लागली. "खरंच, मामा? आता आई काही करणार नाही ना?"

"तुझ्या आईची हिंमत आहे का," मी म्हणालो. मागून बाळाचा आवाज आला. आपण आयुष्यात एक तरी काम नीट केलं, असं मला त्या वेळी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन परतलो. मुकादम पायऱ्यांच्या मधोमध बसला होता. मी म्हणालो, "सरक रे बाबा." तो उठला आणि बाजूला सरकला, मला जाता येईल एवढाच. मी वर गेलो, दार उघडलं, टाच लावून मागे वळलो.

मुकादम पुन्हा सरकला. या वेळी पार भिंतीला चिकटला, पिसं अंगाशी दाबून, डोळे खाली. एका माणसाला लागते त्याहून बरीच जास्त जागा त्यानं केली. एक, दोन, तीन झाले, आणि मग तो परत मधोमध येऊन बसला.

मी भाजी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. बोळात उभा होतो. माझा पाय फरशीवर नव्हता. खट्. जरा थांबून, खट्. पुढची चाकं, मग मागची. एकतीस वर्षं जो आवाज कानाशी वाजत होता, तो मला ओळखायला दोन दिवस लागले, याची लाज वाटली.

७

शिंपीण दारात शिवत बसलेली असते, तिला सगळं दिसतं. मी कुंपणाशी गेलो.

"मुकादम असा कधीपासून करतो हो?"

तिनं सुई थांबवली. "एरवी गरीब आहे तो. आमची नात त्याच्या शेपटीला दोरा बांधते, तरी काही करत नाही. तुम्ही राहायला यायच्या आधी रविवारीच काय व्हायचं त्याला, कोण जाणे."

"रविवारी?"

"तीनही वेळा रविवारच होता. तुमच्या मेहुण्यांना लागलं तेव्हा तुम्हीच तर दार धरून उभे होतात त्यांच्यासाठी."

दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी बहिणीकडे जेवायला जातो. त्याआधी रविवारी माझी ड्यूटी असायची. मी कुंपणाच्या तारेला धरून उभा राहिलो. शिंपिणीनं विचारलं, चक्कर येतेय का. नाही म्हणालो.

मेहुणे माझ्या मागून आत येत होते. मी त्यांच्यासाठी दार धरलंय असं त्यांना वाटलं, मलाही तसंच वाटलं. मुकादम मेहुण्यांवर आलाच नव्हता. ते मध्ये सापडले.

आणि मी काय केलं? जो एकटा अडवत होता, त्याला काखेत धरून, रोज वीस वेळा, मीच शिकवलं की अडवायचं नाही.

८

आठव्या दिवशी संध्याकाळी मी ठरवलं, यापुढे दार धरायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. मी बाहेर गेलो, पायऱ्या चढलो, आत उडी मारल्यासारखा शिरलो आणि दार दोन्ही हातांनी ओढून आपटलं. टाच आपोआप मागे गेली होती, ती मी जवळजवळ उचलून आणली. कडी घातली. फरशी माझ्या पायाखाली एकदाच वाजली. मी बराच वेळ कान देऊन उभा राहिलो, काही आलं नाही. चादर ताणून लावली, ती तशीच राहिली. सुटलो, म्हटलं.

नवव्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन जाळीच्या दाराशी आलो. मुकादम खुराड्यातून बाहेर आला नव्हता. ऊन पडलेलं, वारा अजिबात नाही, शिंपिणीचं मशीन चालू. कडी निघून लोंबत होती. दार वीतभर उघडं होतं आणि स्प्रिंग ताणलेला, थरथरत. दार आणखी उघडत नव्हतं आणि मिटतही नव्हतं. मिटायला मध्ये काहीतरी येत होतं.

जाळी माझ्या कमरेच्या उंचीवर आतल्या बाजूला फुगली होती. दोन ठिकाणी, शेजारी शेजारी. मी जवळ गेलो. खाली टाचेचा गोल, वर पाच लहान लहान टोकं, अंगठा सगळ्यांत मोठा. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन पावलं, टाचा खाली, बोटं वर, जाळीवर टेकलेली.

काल मी दार आपटलं होतं.

"लागलं का?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं, कारण तीस वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्या बाईंना विचारायचं राहून गेलं होतं. जाळीतली दहाही बोटं हळूच आत दबली, आणि सैल झाली.

कप माझ्या हातातून पडला. मी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसलो, आणि तिथे बसून पहिल्यांदा नीट विचार केला. ते आत यायला धडपडत नव्हतं. दार धरलं जाईल याची वाट बघत होतं. आणि उद्या याच पायऱ्यांवरून भाची बाळाला घेऊन येणार. बहीण पुढे होऊन दार धरणार आणि म्हणणार, ये, आत ये. जे बोलावलं नाही तेही त्या हाकेनं आत येईल, त्या खाटेवर पडेल, पाळण्याला लागून. मुकादम बाजूला सरकेल.

म्हणजे बाहेर ठेवून भागणार नव्हतं. घेऊन जायला हवं होतं. आणि घेऊन जायचं कसं, ते त्या गावात मला जेवढं येत होतं तेवढं कोणालाच येत नव्हतं. त्या संध्याकाळी मी दार धरून तीन मोजले आणि माझ्यामागे फरशी दोनदा वाजू दिली.

९

दहाव्या दिवशी ते अकराला येणार होते. मी नऊला पिशवी भरली. पायात बूट घातले, ड्यूटीवर घालायचो ते. तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. बहिणीला कधीच धीर नसतो, दोन तास आधी आली होती.

मी जाळीचं दार पाठीनं उघडलं आणि टाचेनं धरलं. आवाज नेहमीचाच निघाला. "चला, निघू या. मी पुढे आहे." एक, दोन, तीन. मग पायऱ्या, एकेक, दमानं, गाडीला हिसका बसणार नाही अशा. अंगणात मुकादम वाटेत उभा होता. माझ्यासाठी सरकला.

फाटकाबाहेर मेहुणे डिकीतून सामान काढत होते. भाची खाली उतरली होती, हातात पांढऱ्या कापडाचं गाठोडं. बहिणीनं फाटक उघडून धरलं होतं. "ये गं, ये, आत ये—"

"थांब!" मी असा ओरडलो की शिंपिणीचं मशीन बंद पडलं. "फाटक सोड. मागे हो. आधी मला बाहेर येऊ दे."

"दादा, अरे झालं काय?"

"मागे हो म्हणतो ना!"

मी तिच्यावर आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. ती भाचीला घेऊन गाडीपर्यंत मागे गेली. मी वळलो, फाटकाला पाठ लावली, टाच लावली, आणि अंगणाकडे तोंड करून उभा राहिलो. मुकादम दुसऱ्यांदा सरकला, पार कुंपणापर्यंत. एक. वाटेवरचा पाचोळा दोन सरळ रेघांत दबत माझ्याकडे आला. दोन. माझ्या मनगटाला गार लागलं, ओल्या चादरीचं टोक लागतं तेवढंच. तीन. मी टाच काढली.

फाटक मिटलं, आणि मुकादमाची मान फुगली. चार दिवसांत पहिल्यांदा. तो पंख फडफडवत आला आणि आतून फाटकावर आदळला, पुन्हा आदळला, नख्या पत्र्यावर वाजल्या. मला इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. शाब्बास, मी मनात म्हणालो, विसरला नाहीस.

"हा सुधारला?" बहीण किंचाळली. "अहो, आत्ताच्या आत्ता खाटीक बोलवा!"

"कोणी कोणाला बोलवायचं नाही," मी म्हणालो. "तो फक्त माझ्यावर येतो. मी नसलो की गरीब असतो. विचार शिंपिणीला."

"खरं आहे हो," कुंपणावरून आवाज आला. "रविवारीच करायचा, हे जेवायला यायचे तेव्हा."

मेहुण्यांनी सामान खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते रविवार मोजत होते, मला दिसत होतं.

"म्हणजे काय करायचं?" बहीण म्हणाली.

"मी येत नाही म्हणजे झालं. कोंबडा राहू दे, मी येत नाही."

"दादा, वेडा आहेस का? कोंबड्यासाठी?"

भाची पुढे आली. चेहरा ओढलेला, पण हसत होती. "मामा, असू दे ते भांडण. हिला घे तर आधी. मी सांगून ठेवलंय हिला, मामाआजोबा खांद्यावर घेतील म्हणून." कापडातून एक मूठ बाहेर आली होती, गुलाबी, बोराएवढी.

माझे दोन्ही हात वर आले होते. ते मी पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. भाची दोन पावलं पुढे आली, मी चार पावलं मागे गेलो. उलटं चालायची मला सवय आहे, कुठे अडखळलो नाही. तिचं हसू तसंच राहिलं आणि मग राहिलं नाही.

"माझे हात बरे नाहीत," मी म्हणालो. "आत जा तुम्ही. ऊन लागेल तिला."

कोपऱ्यापर्यंत मी उलटाच चालत गेलो, म्हणजे ते आत जाताना दिसतील. बहिणीनं फाटक धरलं, भाची आत गेली. मुकादम एकदाच सरकला. लगेच परत वाटेत आला आणि दाणे टिपायला लागला.

१०

मुलगी आता सव्वा वर्षाची आहे. भाची फोनवर चित्रफिती पाठवते. एकीत ती मुकादमाची शेपटी धरून चालतेय आणि तो तिच्या पावलानं पावलं टाकतोय. ती फीत मी रोज बघतो. बहीण माझ्याशी फारसं बोलत नाही. भाची विचारते, मामा, काय चुकलं माझं? मी म्हणतो, काही नाही गं, गुडघे दुखतात. परवा म्हणाली, मग आम्हीच येतो तुझ्याकडे. मी खोली बदलली आणि नवा पत्ता दिला नाही.

खोलीत एक खाट आहे. तिच्यावर मी चादर ताणून लावतो आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपतो. भीती वाटायची, ती हळूहळू कमी झाली. बाहेरून आलो की दार पाठीनं उघडतो आणि टाच लावून उभा राहतो. तळघराकडे न्यायच्या माणसांना चार वर्षं रोज सांगायचं की मी पुढे आहे, आणि मग एक दिवस निवृत्त व्हायचं, हे बरोबर नव्हतंच.

आता घाई करत नाही. तीन मोजतो, आणि कधी कधी चार.